झडप-दुरुस्ती : छाती उघडून आणि छोट्या छेदातून

हृदयाची गळकी झडप न बदलता तीच नीट करण्याची शस्त्रक्रिया. सांगली-मिरजेकडे हृदयाच्या कुठल्याही ऑपरेशनला सरसकट ‘बायपास’ म्हणतात. पण बायपास रक्तवाहिन्यांचा, ही दुरुस्ती झडपेची. ती बहुतेकदा डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेची असते.

प्रचलित पद्धतीत छातीचे मधले हाड उभे कापतात. छोट्या छेदाच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘दुर्बिणीच्या’, पद्धतीत हाड शाबूत राहते. उजवीकडे बरगड्यांमधून ५ ते ७ सेंटिमीटरचा छेद घेऊन कॅमेरा आणि लांब दांड्याच्या अवजारांनी काम करतात. छेद लहान म्हणून ऑपरेशनही लहान, हा समज चुकीचा आहे. हृदय दोन्हींत थांबवतात, तेवढा वेळ रक्त फिरवणारे आणि त्यात प्राणवायू मिसळणारे हृदय-फुप्फुस यंत्रही दोन्हींत लागते. छोट्या छेदात त्याच्या नळ्या सहसा जांघेतून घालतात आणि यंत्रावरचा वेळ उलट वाढतो.

आतले काम एकच. झडपेच्या पाकळ्या धरून ठेवणाऱ्या दोरीपैकी तुटलेल्या दोरीच्या जागी कृत्रिम धागा ओवतात, झडपेच्या पसरलेल्या तोंडाला रिंग शिवतात. मग सर्जन पिचकारीने कप्प्यात सलाईन भरतो. पाकळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडल्या आणि पाणी मागे झिरपले नाही, की दुरुस्ती जमली.

कापलेले हाड सांधायला ६ ते ८ आठवडे लागतात. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाला किंवा ऊसतोड मजुराला हे दिवस जड जातात. छोट्या छेदानंतर माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ३३० रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांची शारीरिक क्षमता सारखीच आढळली. सोबत बायपास करायचा असेल, पायाच्या धमन्या खराब असतील किंवा जुन्या क्षयाने उजवे फुप्फुस छातीला चिकटले असेल, तर छाती उघडणेच सहसा सुरक्षित.

म्हणून नातेवाइकांनी टाके किती पडणार, याआधी झडप वाचेल का, हे विचारावे. लहानपणीच्या संधिवाती तापाने जाड, आखडलेली झडप दुरुस्तीला अवघड असते. ती बदलून धातूची बसवली, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची तपासणीही नियमित करावी लागते. जत-आटपाडीच्या माणसाला त्यासाठी दर खेपेला मिरज गाठायची, तर एक रोज बुडतो. दुरुस्त झडपेला, ठोके नियमित असतील, तर ही गोळी सहसा काही महिनेच लागते.