डेटा तपासायचा कुठं, हा घोळ आला कुठून

समजा यवतमाळकडच्या एखाद्या जिनिंगच्या काट्यासाठी तुम्ही एसक्यूएलमॉडेलमधे (डेटाबेसच्या टेबलांसाठी क्लास लिहायची पायथनची लायब्ररी) पावतीचा क्लास लिहिला, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, आणि वजन शून्याच्या वरच पाहिजे अशी अट पण टाकली. टेबल=ट्रू (म्हणजे डेटाबेसात याचं टेबल आहे) असलेल्या त्या क्लासला उणे 40 क्विंटल देऊन पहा, ऑब्जेक्ट बिनबोभाट तयार होतो. नवीन पोरांना वाटते लायब्ररीच बिघडली, पण तसं नाही, मुद्दाम केलंय ते अन् त्याच्या मागं बराच जुना प्रवास आहे.

डेटा टेबलांमधे मांडायचा, या रिलेशनल मॉडेलचा संशोधक कॉडचा पेपर 1970 चा, त्यातच डेटा सुसंगत ठेवायचा विचार आहे. डेटाबेसची भाषा एसक्यूएल, तिच्या 1989 च्या स्टँडर्डमधे चेक (किमतीवरची अट) अन् फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोड) आल्या, म्हणजे नियम टेबलातच राहतील. मंग बिनसलं कुठं? वेबच्या जमान्यात जिकडंतिकडं मायएसक्यूएल हा डेटाबेस, आणि तो चेक वाचायचा अन् चक्क सोडून द्यायचा, पार 2019 च्या 8.0.16 आवृत्तीपर्यंत! मंग लोकांनी नियम कोडात नेले. 2004 च्या रेल्स या वेब फ्रेमवर्कनं तर मॉडेलमधेच (टेबलासाठीच्या क्लासात) व्हॅलिडेशन, म्हणजे तपासणी, लिहायची सवय लावली. सोपं होतं, पण दोन काट्यांवरून एकाच नंबरची पावती एकाच वेळी आली तर दोन्हीकडचा कोड पाहतो की असा नंबर नाही, अन् दोन्ही पावत्या घुसतात, तिथं तोच नंबर दुसऱ्यांदा न घेणारा टेबलातला युनिक इंडेक्सच लागतो. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कनं 2010 मधे मॉडेलची तपासणी आणली, पण सेव्ह करताना ती आपोआप चालत नाही.

एसक्यूएलमॉडेल 2021 चं, पायडँटिक (डेटा तपासणारी लायब्ररी) आणि एसक्यूएलअल्केमी (पायथनमधून डेटाबेस वापरायची लायब्ररी) एकत्र जोडलेलं. पायडँटिकला तयार होतानाच सगळं बरोबर पाहिजे, आणि एसक्यूएलअल्केमीत आधी रिकामा ऑब्जेक्ट करून मागून एकेक फील्ड भरता येते, नाती पण नंतर जोडता येतात. टेबलाच्या क्लासात म्हणून एसक्यूएलअल्केमीचं चाललं, अन् ऑब्जेक्ट तयार होताना तपासणी होत नाही.

माझं मत पक्कं आहे. काट्यावरच्या माणसाला लगेच चूक कळावी म्हणून टेबल नसलेला वेगळा क्लास ठेवा अन् मॉडेल_व्हॅलिडेट हे तपासणीचं फंक्शन तिथं चालवा, पण भरलेलं वजन रिकाम्यापेक्षा जास्त हा नियम चेक म्हणून टेबलातच पाहिजे, कारण एक्सेलमधून थेट चढवलेला डेटा तुमच्या पायथनला विचारत नाही आणि त्या वजनावर कास्तकाराचा चुकारा निघतो. फील्डला लावलेल्या जीटी=0 (शून्यापेक्षा जास्त) नं टेबलात चेक तयार होत नाही, तो हातानं लिहावा लागतो, आणि त्याला समजेल असं नाव द्या, पोस्टग्रेस डेटाबेसच्या एररमधे तेच नाव येते.