हेडसेट लागतो त्याची पार्श्वभूमी

घाटात गाडी लागते ना, तसाच काही जणांना व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर चढवला की चित्रातल्या जगातच उभं असल्यासारखं वाटतं तो) हेडसेट लागतो. मलाही लागला होता, एका प्रदर्शनात पाच मिनिटांत गरगरायला लागलं आणि तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, सवय नसेल तुम्हाला." तेव्हा मुकाट्याने ऐकून घेतलं. मग याच त्रासावर संशोधन करणाऱ्या अमेरिकन इंजिनिअर के स्टॅनी यांचं काम वाचलं आणि कळलं की ही "सवय नसेल"वाली समजूत फार आधीच खोटी ठरलीय.

1957 मध्ये अमेरिकन नेव्हीच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच उडवायचा सराव देणाऱ्या यंत्रावर, लोकांना मळमळतं हे नोंदवलं गेलं, आणि जास्त त्रास कुणाला, तर नवख्या पोरांना नाही, मुरलेल्या इन्स्ट्रक्टरांना! कारण खरं हेलिकॉप्टर कसं हलतं ते त्यांच्या अंगात भिनलेलं, इथे डोळ्यांपुढे सगळं फिरतंय आणि बूड मात्र खुर्चीत गप्प, डोळे एक सांगतायत आणि कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच.

पुढे 1993 मध्ये रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी हा त्रास मोजायची प्रश्नावली बनवली. 16 लक्षणं, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क. घाम, मळमळ, डोळ्यांवर ताण, लाळ सुटणं, अगदी ढेकरसुद्धा. आजही अभ्यासात हीच वापरतात.

स्टॅनी मूळच्या इंडस्ट्रियल इंजिनिअर, ऑर्लँडोत युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडात प्रोफेसर होत्या. 1997 मध्ये त्यांनी आणि केनेडींनी दाखवलं की सिम्युलेटरमध्ये डोळ्यांचा ताण सगळ्यात वर असतो पण व्हीआरमध्ये गरगरणं, म्हणजे जुने उपाय जसेच्या तसे उचलून चालणार नाही. 1998 मध्ये त्यांनी डिझाइन इंटरअॅक्टिव्ह कंपनी काढली, 2002 मध्ये व्हीआरवरचं जाडजूड हँडबुक संपादित केलं, 2019 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवड झाली.

आणि हे नुसतं गेमपुरतं नाहीये. 2002 मध्येच येलच्या अभ्यासात 16 शिकाऊ सर्जन घेतले होते, त्यातल्या व्हीआरवर हात बसवलेल्यांनी पित्ताशय सोडवायचं काम 29 टक्के लवकर केलं आणि चुकाही खूपच कमी. मग असं ट्रेनिंग हेडसेटवर असेल तर ज्याला तो लागतो त्याने ते घ्यायचंच नाही का?

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट 2020 ची. बायकांना हेडसेट जास्त लागतो असं कायम म्हटलं जायचं, जणू आमचीच प्रकृती नाजूक. स्टॅनी यांच्या टीमने लोकांना व्हीआरमधल्या रोलरकोस्टरवर बसवलं आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. बायकांमध्ये ते सरासरीने कमी असतं आणि हेडसेटची भिंगं बऱ्याच जणींसाठी तेवढी जवळ येतच नव्हती, पण जिथे ती नीट जुळली तिथे बायकांना होणारा त्रास साधारण पुरुषांइतकाच निघाला.

आता कुठलाही हेडसेट हातात आला की मी आधी भिंगं जवळ-लांब करायची चकती शोधते. मध्ये एकाची शेवटपर्यंत फिरवली तरी चित्र दुहेरीच दिसत होतं, काढून ठेवला.