रे मिस्टेरिओच्या मुखवट्यामागे

12 सप्टेंबर 2025 च्या रात्री लास वेगासमध्ये डॉमिनिक मिस्टेरिओने एल हिहो देल विकिंगोला हरवलं आणि मेक्सिकोतल्या ट्रिपल ए या कुस्तीसंस्थेचा मेगा चॅम्पियनशिपचा पट्टा पटकावला. ही तीच संस्था, जिथे तीस वर्षांपूर्वी त्याच्या बापाचं, रे मिस्टेरिओचं, नाव झालं. एप्रिल 2025 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या बड्या कुस्तीकंपनीने ती विकत घेत असल्याचं जाहीर केलं होतं. बातमी तेवढीच. पण फोटो पाहिला की एक गोष्ट खटकते. पट्टा खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या या मिस्टेरिओच्या तोंडावर मुखवटा नाही.

आपल्याकडे रे मिस्टेरिओ घराघरात पोचला तो 2000 नंतरच्या दशकात, टेन स्पोर्ट्सवरून आणि शाळेच्या बाकाखालच्या ट्रम्प कार्डांतून. त्या पत्त्यांत समोरच्याने ‘हाइट’ विचारली की रेचा पत्ता हातातून गेलाच. पाच फूट सहा इंच, वजन ऐंशी किलोच्या आतबाहेर. तरी तो पत्ता कुणी सुखासुखी देत नसे, कारण त्यावरचा मुखवटा. तो मुखवटा आम्हाला स्पायडरमॅनसारखा वाटायचा, म्हणजे पोशाखाचा एक भाग. तो जिथून आला तिथे त्याचा अर्थ फार वेगळा आहे.

मेक्सिकोत या खेळाला ‘लुचा लिब्रे’ म्हणतात. 1933 मध्ये साल्वादोर लुत्तेरोथने मेक्सिको सिटीत कंपनी काढली आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत या खेळाने तिथल्या कामगार वस्त्यांमध्ये मूळ धरलं. निकाल आधी ठरलेला असतो. आपल्या तालमीत याला एका शब्दात ‘नुरा’ म्हणून मोडीत काढतील, आणि कुस्ती म्हणून बघायचं तर ते बरोबरच आहे. पण निकाल ठरलेला असला तरी वरच्या दोरावरून मारलेली उडी ठरलेली नसते. ती खरीच मारावी लागते आणि पडणंही खरंच असतं.

अंगाने लहान, चपळ माणसं, दोरावरून उलट्या घेत होणारे हल्ले, आणि मुखवटे, ही लुचाची ओळख. चंदेरी मुखवट्याचा एल सांतो हा त्यातला सर्वांत मोठा. चार दशकं त्याने चेहरा जगापासून लपवला. जानेवारी 1984 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात त्याने मुखवटा थोडासा वर केला आणि दहाएक दिवसांत, 5 फेब्रुवारीला, तो गेला. त्याला मुखवट्यासकट पुरलं. तिथल्या सर्वांत मोठ्या लढती पट्ट्यासाठी नसतात, पैजेच्या असतात. हरणाऱ्याने मुखवटा उतरवायचा, खरं नाव सांगायचं आणि पुन्हा तो चढवायचा नाही. मुखवटा नसलेल्याने केस पणाला लावायचे.

रेचं खरं नाव ऑस्कर गुतिएरेझ. जन्म 11 डिसेंबर 1974 चा, कॅलिफोर्नियातल्या चुला विस्ता गावातला. मेक्सिकोची हद्द तिथून दहा-बारा किलोमीटरवर, पलीकडे तिहुआना शहर. म्हणजे नागरिकत्वाने तो अमेरिकन, पण विद्या सगळी सीमेपलीकडची. तिहुआनात त्याचा ‘तिओ’ मिगेल आंखेल लोपेझ दियास, म्हणजेच मूळ रे मिस्टेरिओ, पोरं तयार करायचा. (स्पॅनिशमध्ये काका आणि मामा दोघांनाही तिओच म्हणतात.) तिथेच हा पोरगा घडला. एप्रिल 1989 मध्ये तो पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला तेव्हा चौदा वर्षांचा होता. सुरुवातीच्या काळात तो ‘कोलिब्री’ या नावानेही खेळला. कोलिब्री म्हणजे फुलावर तरंगत मध पिणारा तो इवलासा हमिंगबर्ड. वस्तादाने स्वतःचं नाव आणि मुखवटा पुढे दिला तेव्हा तो ‘रे मिस्टेरिओ ज्युनियर’ झाला. रे म्हणजे राजा, मिस्टेरिओ म्हणजे गूढ.

1992 मध्ये आंतोनियो पेन्याने लुत्तेरोथच्या जुन्या कंपनीतून फुटून ट्रिपल ए काढली. जुन्या कंपनीत ज्येष्ठांची रांग लांब होती. पेन्याला तरुण, भडक, वेगवान माल हवा होता. विशीही न गाठलेला रे, त्याचा तिहुआनातलाच जोडीदार सिकोसिस आणि हुवेंतूद गेरेरा यांना तिथे मोकळं रान मिळालं. रे आणि सिकोसिस एकमेकांशी इतक्या वेळा भिडले की दोघांना एकमेकांच्या उडीचा अंदाज डोळे मिटूनही यावा. सीमेपलीकडच्यांना त्याची झलक मिळाली 6 नोव्हेंबर 1994 ला, ट्रिपल एच्या लॉस एंजेलिसमधल्या ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ या कार्यक्रमात. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या ईसीडब्ल्यू या कुस्तीकंपनीने रे आणि सिकोसिसला बोलावलं. काटेरी तार आणि टेबलं फोडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या प्रेक्षकांनी या दोन हलक्या पोरांना डोक्यावर घेतलं.

जून 1996 मध्ये तो डब्ल्यूसीडब्ल्यूत आला. पहिलाच सामना डीन मलेंकोशी, आणि पुढच्या महिन्यात क्रूझरवेट, म्हणजे हलक्या वजनाचा, पट्टा त्याच्याकडे. टेड टर्नरची ही कंपनी तेव्हा सोमवार रात्रीच्या टीव्हीयुद्धात विन्स मॅकमनच्या कंपनीच्या, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या, पुढे जात होती. त्या यशाचं श्रेय हल्क होगन आणि काळ्या टी-शर्टवाल्या एनडब्ल्यूओ टोळीला देण्याची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. मोठी नावं शेवटच्या दहा मिनिटांसाठी होती, आणि ती बऱ्याचदा रिंगमध्ये फार काही करतही नसत. पहिला तास तोलून धरायची ती रे, एडी गेरेरो, मलेंको, सिकोसिस ही मंडळी. कंपनीचा त्यांच्याकडे बघण्याचा दृष्टिकोन मात्र जुलै 1996 मधल्या एका दृश्यात दिसतो: सात फुटी केव्हिन नॅश रेला उचलतो आणि भाल्यासारखा एका ट्रेलरच्या भिंतीवर डोक्याकडून फेकतो. दृश्य गाजलं. छोट्या माणसाचा उपयोग काय, तर मोठा माणूस किती मोठा आहे हे दाखवायला.

26 ऑक्टोबर 1997, लास वेगास, एमजीएम ग्रँड. डब्ल्यूसीडब्ल्यूचा हॅलोवीन हॅवॉक हा कार्यक्रम. एका बाजूला एडीचा क्रूझरवेट पट्टा, दुसऱ्या बाजूला रेचा मुखवटा. एडी टेक्सासमधल्या एल पासोचा, म्हणजे तोही सीमेवरचाच. त्याचा बाप गोरी गेरेरो कधीकाळी खुद्द एल सांतोचा जोडीदार होता. मुखवटा पणाला लावणं म्हणजे काय, हे रिंगमधल्या त्या दोघांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रे जांभळ्या पोशाखात आला, डोक्यापासून पायापर्यंत एकसंध. एडी सामनाभर त्या कापडाला फाडत राहिला, मुखवट्याच्या शिवणीत बोटं घालत राहिला. मध्येच रे दोरावर उडी घेऊन हवेत उलटा फिरला आणि खाली येता येता त्याने एडीची मान पकडून डीडीटी मारला, म्हणजे त्याचं डोकं खाली आपटलं. आजही ते दृश्य संथ करून पाहिलं तरी पायाखाली नेमकं काय झालं ते पटकन उमगत नाही. शेवटी एडी त्याला वरच्या दोरावरून आपटायला उचलतो, आणि रे हवेतच पायांची कात्री एडीच्या मानेभोवती टाकून त्याला चीत करतो. जेमतेम चौदा मिनिटं. उडी मारणारे पुढे पुष्कळ झाले, याहून उंच आणि याहून जास्त गिरक्या घेणारे. पण या चौदा मिनिटांत प्रत्येक उडीला कारण आहे. प्रत्येक वेळी रे मुखवटा वाचवायला उडतो.

दीडच वर्षात डब्ल्यूसीडब्ल्यूने तो मुखवटा काढला. 21 फेब्रुवारी 1999, ओकलंडमधला सुपरब्रॉल हा कार्यक्रम. रे आणि त्याचा साथीदार कोनान एका बाजूला, नॅश आणि स्कॉट हॉल दुसऱ्या बाजूला. हरल्यास रेचा मुखवटा, जिंकल्यास नॅश-हॉलच्या बाजूच्या मिस एलिझाबेथचे केस. रे हरला. मेक्सिकोत असा प्रसंग महिनोन्‌महिने शिजवतात, त्या रात्री रडारड होते. इथे तो कार्यक्रमाच्या मधल्या एका सामन्यात उरकला गेला. रेचा याला विरोध होता आणि पुढे त्याने तो उघडपणे बोलूनही दाखवला. हुवेंतूदचा मुखवटा या कंपनीने 1998 मध्येच उतरवला होता, सिकोसिसचा त्याच 1999 साली उतरवला. त्यानंतर उघड्या चेहऱ्याच्या रेने नॅशसकट बरीच धिप्पाड माणसं हरवली, केसांची शिंगं केली, पण तो आता इतर पोरांसारखाच एक गोरागोमटा पोरगा दिसत होता. मार्च 2001 मध्ये मॅकमनने डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली.

जुलै 2002 मध्ये रे डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्मॅकडाउन या टीव्ही कार्यक्रमात आला तो मुखवटा घालून. नावातलं ‘ज्युनियर’ गळालं होतं. परंपरेच्या हिशोबाने हरलेला मुखवटा पुन्हा चढवणं बसत नाही, आणि मॅकमनच्या कंपनीला परंपरेचं प्रेम होतं असंही नाही. मुखवटा विकला जातो, हे तिला दिसलं. ते खरं ठरलं. बापाच्या खांद्यावर मुखवटा घालून बसलेली पोरं हे पुढची वीस वर्षं प्रत्येक स्टेडियममधलं दृश्य झालं. डब्ल्यूसीडब्ल्यूला ज्याची किंमत कळली नाही त्यावर दुसऱ्याने दुकान थाटलं. पण पोरांना त्याच्याशी काय देणंघेणं? आम्हालाही नव्हतं.

‘सिक्स-वन-नाइन’ही याच काळात जगभर झालं. समोरचा मधल्या दोरावर ओणवा पडलेला, रे पळत येतो, दोन दोर धरून त्यांच्या मधून आडवा झुलतो आणि दोन्ही पाय तोंडावर. हा डाव मुळात जपानच्या टायगर मास्कचा, म्हणजे सातोरू सायामाचा. तो फक्त हूल द्यायला तसा झुलायचा. रेने त्याची लाथ केली आणि नाव दिलं आपल्या भागाच्या टेलिफोन कोडचं, 619.

13 नोव्हेंबर 2005 ला एडी गेरेरो मिनियापोलिसच्या हॉटेलात मृत्यू पावला. वय अवघं 38. त्याच ऑगस्टमध्ये त्याची आणि रेची एक कथा पडद्यावर संपली होती, ज्यात आठ वर्षांच्या डॉमिनिकचा ताबा कुणाकडे यासाठी शिडीचा सामना झाला. जानेवारी 2006 मध्ये रे रॉयल रंबलमध्ये (एकेक करून तीस जण उतरतात, वरच्या दोरावरून बाहेर पडला तो बाद) दुसऱ्या क्रमांकाने उतरला आणि 62 मिनिटं 12 सेकंद टिकून जिंकला. नेहमीच्या रंबलमधला हा विक्रम 2023 पर्यंत टिकला. 2 एप्रिलला रेसलमेनिया 22 या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात कर्ट अँगल आणि रँडी ऑर्टनसमोर तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. हेवीवेट! पण हा विजय कंपनीने एडीच्या नावावर इतका ओढून घेतला की रेचं स्वतःचं काय, हा प्रश्न उरला. मेलेल्या मित्राचं नाव दर आठवड्याला भांडवलासारखं वापरलं गेलं, ते आज बघवत नाही.

आणि चॅम्पियन म्हणून त्याचं काय झालं, ते आपल्या प्रेक्षकांना चांगलं आठवत असेल. मे 2006 मध्ये नुकत्याच आलेल्या ग्रेट खलीने त्याला काही मिनिटांत चिरडलं. आपला माणूस जिंकला म्हणून इथे टाळ्या वाजल्या, माझ्याही. पण चॅम्पियनला असं हरवतात का? मार्क हेन्रीनेही त्याला असंच लोळवलं. ट्रेलरवर फेकणाऱ्या नॅशपासून दहा वर्षं गेली होती आणि हिशोब तोच होता. जुलैमध्ये पट्टा बुकर या दुसऱ्या पहिलवानाकडे गेला.

त्यानंतरचा काळ गुडघ्याचा आहे. उड्यांची किंमत तिथे वसूल होत गेली. शस्त्रक्रिया, विश्रांती, पुनरागमन, पुन्हा शस्त्रक्रिया. 2009 मध्ये उत्तेजकांविषयीच्या धोरणाखाली तीस दिवसांचं निलंबनही झालं. 2011 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिप मिळाली आणि त्याच रात्री जॉन सीनाने काढून घेतली. 2014 च्या रंबलमध्ये तिसाव्या क्रमांकावर डॅनियल ब्रायन येईल म्हणून प्रेक्षक उभे होते, आला रे, आणि त्याला शिव्या बसल्या. त्याचा दोष काडीचा नव्हता. 2015 च्या सुरुवातीला त्याने कंपनी सोडली.

तो ट्रिपल एत परतला, आणि 20 मार्च 2015 ला तिहुआनात, त्याच्या घरच्या मैदानात, ते घडलं. रेच्या लाथेनंतर पेरो आग्वायो ज्युनियर दोरावर आडवा झाला. 619 साठी नेहमी होतात तसाच. पण तो शुद्धीवर नव्हता. मानेचे मणके मोडले होते. सामना थोडा वेळ तसाच चालू राहिला, कारण दोरावर निपचित पडणं हा डावाचाच भाग असतो. पहाटे रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं. आग्वायो 35 वर्षांचा होता. हजारदा केलेली साधी लाथ होती ती, कुठलीही जीवघेणी उडी नव्हती.

2018 मध्ये रे डब्ल्यूडब्ल्यूईत परतला. 2020 मध्ये डॉमिनिक रिंगमध्ये उतरला आणि मे 2021 मध्ये दोघे मिळून टॅग टीम चॅम्पियन झाले. बापलेकाची अशी जोडी त्या कंपनीत पहिलीच. सप्टेंबर 2022 मध्ये कार्डिफला पोराने बापावर हात उचलला, अर्थात कथेत. खलनायक म्हणून तो बापापेक्षाही सहज वाटतो, हे माझं मत. एप्रिल 2023 मध्ये रेसलमेनियात रेने त्याला हरवलं. आदल्याच रात्री रे हॉल ऑफ फेममध्ये गेला होता, आणि त्याची ओळख करून द्यायला कोनान होता, ओकलंडला त्याच्या बाजूने हरलेला.

डिसेंबर 2024 मध्ये तिओ, मूळ रे मिस्टेरिओ, 66 व्या वर्षी गेला. नऊ महिन्यांनी ट्रिपल एचा पट्टा डॉमिनिकच्या खांद्यावर आला, पुन्हा लास वेगासमध्ये. तिथेच, 1997 च्या ऑक्टोबरात, एडी मुखवट्याची शिवण उसवायला बघत होता, तेव्हा हा डॉमिनिक साडेसहा महिन्यांचा होता.