आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेल्या माणसाची सकाळी मूठ वळत नाही. शर्टाचं बटण लावणंसुद्धा जड जातं. वेदनाशामक गोळी घेतली की बरं वाटतं, आणि घात तिथेच होतो. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटलेली असते. सुजून जाड झालेलं हे अस्तर शेजारची कूर्चा आणि हाड पोखरत जातं. गोळीने ठणका कमी होतो, पोखरणं चालूच राहतं.

ते रोखणाऱ्या औषधांत पहिला मान आजही मेथोट्रेक्सेटचा. मुळात हे कॅन्सरचं औषध. पेशींच्या वाढीला लागणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाचा वापर ते अडवतं. आमवातात मात्र मात्रा अगदी कमी, बहुधा आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम. एवढ्याने ॲडिनोसिन हे दाह शमवणारं रसायन वाढतं आणि सूज ओसरू लागते. अमेरिकेत १९८८ मध्ये आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली.

आठवड्याला म्हणजे आठवड्यातून एकदाच. बाकीच्या गोळ्यांबरोबर चुकून ही रोज घेतली गेली, तर तोंडात व्रण पडतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वार लिहून घ्याच. जोडीला फॉलिक ॲसिड असतं, ठरावीक काळाने रक्ताची आणि यकृताची तपासणी असते. गर्भधारणेत हे औषध चालत नाही, तेव्हा मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती महिनाभरात ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सोडणाऱ्यांची. मधला काळ निभावून नेण्यासाठी डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात, पण ते कायमचं औषध नव्हे.

मेथोट्रेक्सेट पुरेसं पडलं नाही तर जैविक औषधं, म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेली इंजेक्शनं असतात. दाह भडकवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवलं तर सांधे शांत होतात, हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींद्र मैनी यांनी १९९२ मध्ये रुग्णांवर सुरू केलेल्या चाचणीतून दिसलं. पण हेच प्रथिन शरीरात सुप्त असलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही मदत करतं. ते अडवलं की जंतू मोकाट सुटू शकतात. त्यामुळे पहिल्या इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात, आणि सुप्त क्षय सापडला तर आधी त्याचे उपचार सुरू होतात.