ब्रायटनला लोक जाऊ लागले ते कशामुळे?

लंडनहून ट्रेनने तासाभरात ब्रायटन येतं. स्टेशनातून क्वीन्स रोडच्या उताराने सरळ चालत गेलं की समोर समुद्रच. उन्हाळ्यातल्या शनिवारी मुलाबाळांना घेऊन आलेल्यांनी किनारा भरलेला असतो, आणि त्यात मराठीही कानावर पडते. खरं तर हा किनारा काही आरामाचा नाही. वाळूऐवजी नुसते गोटे, अनवाणी चालणं म्हणजे शिक्षाच, आणि पाणी ऑगस्टातही गारठवणारं. तरीही इथे सुट्टीला यायची प्रथा पडली, कारण सुरुवातीला लोक इथे मजेसाठी येतच नव्हते.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे ब्राइटहेल्मस्टन नावाचं, कळा गेलेलं कोळ्यांचं गाव होतं. 1514 मध्ये फ्रेंचांनी ते जाळलं होतं, 1703 च्या वादळाने पुन्हा झोडपलं. शेजारच्या ल्युईसमधले डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी 1750 मध्ये लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला: ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी आहे. त्यात डुंबायचं आणि ते प्यायचंसुद्धा! पैसेवाले रोगी येऊ लागले, तसे डॉक्टरसाहेबही इथेच घर बांधून राहिले. आंघोळीसाठी चाकांवरची लाकडी खोपटी असत. आत कपडे बदलायचे, घोडा खोपटं पाण्यात ओढून नेई आणि दणकट बायका रोग्याला धरून बुचकळून काढत. त्यांच्यातली मार्था गन एवढी प्रसिद्ध झाली की सेंट निकोलस चर्चच्या आवारातली तिची कबर आजही दाखवतात.

युवराज जॉर्ज 1783 मध्ये पहिल्यांदा आला आणि त्याच्यामागून फॅशन आली. त्याच्या बंगल्याचा जॉन नॅशने 1815 नंतर घुमट-मिनारांचा रॉयल पॅव्हेलियन केला: बाहेरून हिंदुस्थानी थाट, आतून चिनी. नॅश हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता, हे इमारतीकडे पाहून कळतंच. खरा हिंदुस्थानी माणूस मात्र जवळच धंदा करत होता. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद वाफेचं स्नान आणि चंपी यांवर इतके नावारूपाला आले की दोन राजांनी त्यांची नेमणूक केली.

राजघराण्याचं कौतुक बरंच होतं, पण सर्वसामान्यांसाठी ब्रायटन उघडलं ते रेल्वेने. 21 सप्टेंबर 1841 ला लंडनची गाडी सुरू झाली. घोडागाडीला पाच-सहा तास लागत, ते अंतर दोन तासांवर आलं. 1844 च्या ईस्टरला स्वस्त तिकिटांच्या गाडीला एवढी झुंबड उडाली की एका इंजिनाने भागेना. राणी व्हिक्टोरियाला ही गर्दी मानवली नाही. 1850 मध्ये पॅव्हेलियन 53,000 पौंडांना गावाला विकला गेला. पुढे 1871 च्या कायद्याने बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, मिळाल्या आणि कारकून, कामगार सहकुटुंब येऊ लागले. त्यांच्यासाठी मग करमणूक उभी राहिली: 1872 मध्ये मत्स्यालय, 1883 मध्ये मॅग्नस फोल्कची किनाऱ्यालगतची छोटी विजेची रेल्वे, जी अजून धावते, आणि 1899 मध्ये पॅलेस पियर, म्हणजे समुद्रात शिरलेला करमणुकीचा धक्का.

मराठी माणसाला ब्रायटन म्हटलं की आधी आठवतं ते 1909, सावरकर आणि ‘सागरा प्राण तळमळला’. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1914 च्या डिसेंबरात, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक थेट पॅव्हेलियनमध्ये आणले गेले. झुंबरांखाली खाटा लागल्या. धर्म आणि जात सांभाळून नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ, आवारात तंबूतला गुरुद्वारा, असा सगळा बंदोबस्त होता. त्यात माणुसकी होती तसा प्रचाराचा हिशेबही होता. घुमटांखालच्या सैनिकांची छायाचित्रं मुद्दाम पसरवली गेली. दगावलेल्यांपैकी 53 हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झालं. तिथे 1921 मध्ये त्यांच्या स्मारकाची संगमरवरी छत्री उभारली. पॅव्हेलियनमध्ये या इस्पितळाचं छोटं दालन आहे, पण मेजवानीच्या दालनातलं ड्रॅगनचं अवाढव्य झुंबर बघता बघता बरेच जण तिथवर पोचतच नाहीत.