गोंधळलेला रुग्ण आणि परिचर्येतील आस्थेचा सिद्धांत

रुग्णालयात दाखल झालेली वृद्ध व्यक्ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक असंबद्ध बोलू लागते, सलाइनची नळी ओढते, घरच्यांना ओळखत नाही. किंवा याउलट अगदी गप्प होते, आणि गप्प रुग्णाची कोणाला अडचण होत नसल्याने तिच्याकडे लक्ष जायला उशीर होतो. या दोन्ही अवस्था डिलिरियमच्या, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळाच्या, असू शकतात. संसर्ग, काही औषधे, शरीरातील पाण्याची कमतरता, वेदना आणि झोपमोड ही त्याची नेहमीची कारणे.

रुग्णाविषयीची आस्था हाच परिचर्येचा (नर्सिंगचा) गाभा मानणाऱ्या सिद्धांताचा खरा कस अशा रुग्णापाशी लागतो. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक जीन वॉटसन यांनी १९७९ मध्ये या विचाराची दहा घटकांत मांडणी केली, पण तिची भाषा बरीच तात्त्विक आहे. वॉर्डातल्या कामाला तिथल्याच दुसऱ्या अभ्यासक क्रिस्टन स्वॉन्सन यांची १९९१ मधील मांडणी अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. रुग्णाला जाणून घेणे, त्याच्या सोबत असणे, त्याला जमत नाही ते त्याच्यासाठी करणे, जमेल ते त्याला करता यावे अशी मदत करणे आणि यातून निभावून जाण्याचा त्याचा विश्वास टिकवणे, अशा पाच प्रक्रिया त्या सांगतात.

यांपैकी जाणून घेणे चुकले की बाकीचे चारही भरकटतात. प्रश्नांना भलतीच उत्तरे देणाऱ्या आजोबांना भ्रम झाला आहे असे धरून चालण्याआधी त्यांचे श्रवणयंत्र कानात आहे की पिशवीतच राहिले, हे परिचारिकेने पाहायला हवे. तसेच जेवणाचे: भरवले की काम लवकर उरकते, पण ज्याचा हात चालतो त्याच्या हाती चमचा देऊन शेजारी थांबले, तर त्याची उरलीसुरली ताकद वापरात राहते.

येल विद्यापीठातील संशोधकांनी सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आस्थेचा सिद्धांत कोणी तपासत नव्हते. पण स्थळकाळाची आठवण करून देणे, झोप मोडू न देणे, लवकर हिंडते-फिरते करणे, चष्मा व श्रवणयंत्र मिळवून देणे, पाणी पाजणे हे उपाय स्वॉन्सन यांच्या यादीशी सहज जुळतात. हे उपाय केलेल्या गटात ९.९ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. मात्र तो एकदा झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही, त्यामुळे ही काळजी दाखल झाल्या दिवसापासूनच घ्यावी लागते.

त्यासाठी वेळ लागतो, आणि तो एकट्या परिचारिकेच्या हाती नसतो. युरोपातील नऊ देशांमधील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २०१४ मधील अभ्यासात प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. केवळ निरीक्षणावर आधारलेल्या अशा अभ्यासातून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, तरीही सहानुभूतीच्या प्रशिक्षणावर खर्च करून परिचारिकांच्या जागा रिकाम्या ठेवणाऱ्या व्यवस्थापनाने तो आकडा नजरेआड करू नये.