पार्श्वभूमी : मातीच्या अहवालातला सामू आला कुठून?

मराठवाड्यातल्या काळ्या रानाची माती तपासून आणली की अहवालात सामूपुढे (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल याचं माप) बहुधा ७.५ ते ८.५ च्या मधला आकडा असतो. साडेसात काय अन् साडेआठ काय, एकाचाच तर फरक, असं वाटतं. पण ही मोजपट्टी साधी नाही.

आंबट म्हणजे आम्ल आणि त्याच्या उलट, साबणासारखं, म्हणजे विम्ल; हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नव्हती. हरभऱ्यावर पहाटे फडकं फिरवून पानांवरचा आंबट रस, म्हणजे आंब, पिळून ठेवायची रीत आपल्याकडे जुनी. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, हेही कपडे धुणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक. रंगबदलाची हीच खूण शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने १६६४ साली पुस्तकात मांडली. त्याने व्हायोलेट फुलांचा अर्क वापरला : आम्लात लाल, विम्लात हिरवा.

कारण मात्र बराच काळ चुकीचं सांगितलं गेलं. आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो, असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचं मत होतं. मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नाहीच, हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवलं. पुढे स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधात विरघळलेले क्षार आयनांत, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांत, फुटतात असं मांडलं. परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं; त्याच कामासाठी १९०३ साली नोबेल मिळालं! आम्लपणा हायड्रोजन आयनांवर ठरतो, हे त्यातूनच पक्कं झालं.

मोजपट्टी आली ती बिअरच्या कारखान्यातून. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन विकरांवर (एन्झाइमवर) काम करत होता. हायड्रोजन आयनांचं प्रमाण लिहायचं तर दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लागे. १९०९ मध्ये त्याने त्याऐवजी लॉगरिदमचा, म्हणजे दहाचा कितवा घात हे सांगणारा, आकडा घेतला. म्हणून सामू एकाने वाढला की हायड्रोजन आयन दहापटीने घटतात. ७ उदासीन, खाली आम्ल, वर विम्ल. सुटसुटीत यंत्र मिळायला १९३४ उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजण्यासाठी आर्नल्ड बेकमनने ते बनवलं.

आता आपल्या रानाकडे. बेसाल्ट या काळ्या खडकापासून झालेल्या या मातीत चुनखडी भरपूर, आणि ती सामूला आठाच्या आसपास धरून ठेवते. लोहाचं गणित तर आणखी कडक : सामू एकाने वाढला की मातीतलं फेरिक लोह विरघळण्याचं प्रमाण हजारपटीने कमी होतं. म्हणून मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. सोयाबीन, मोसंबीची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

८.५ च्या वर मात्र बहुधा सोडियम शिरलेला असतो. कालव्याच्या पाण्याखाली निचरा नसलेली जमीन अशी चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, होते. तिथे जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) टाकतात : त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं. पण सुटलेला सोडियम वाहून जायला चर नसेल, तर जिप्समचा खर्च मातीतच.